हावभाव बघायला निघालेले व्याही

आमच्या व्याह्यांइतका सावध माणूस अख्ख्या जर्मनीत दुसरा नसेल, आणि हे मी अशा देशाबद्दल बोलतोय जिथं लोक चष्म्याचाही विमा उतरवतात. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. तालुक्याच्या कोर्टात कारकून म्हणून लागले आणि शिरस्तेदार होऊन निवृत्त झाले. मी चौथी शिकलेला, चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. मुलांच्या लग्नात आमची गाठ पडली, पण खरी ओळख झाली ती इथं ब्राउनश्वाइगमध्ये, एका थंडीत. मुलगा आणि सून वोल्फ्सबुर्गला मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर. सकाळी सातला ती दोघं गेली की घरात आम्ही दोन विधुर आणि भांडी घासायचं मशीन.

ह्या माणसानं कोर्ट सोडलं, पण कोर्टानं ह्यांना सोडलं नव्हतं. केळी आणायची का, ह्यावरही सुनावणी व्हायची, दोन्ही बाजू हेच मांडायचे आणि दुकानातली केळी काळी पडेपर्यंत तारखा द्यायचे. रस्ता ओलांडायचा तर हिरवा दिवा लागलेला असूनही थांबायचे. मी म्हटलं, "अहो, हिरवा आहे." तर म्हणाले, "हा कधीपासून हिरवा आहे ते आपल्याला माहीत नाही, व्याहीबुवा. पुढचा पूर्ण मिळेल." असे आम्ही कोपऱ्यावर हिरव्यात उभे राहायचो. एका जर्मन आजीबाईंना वाटलं ह्यांना दिसत नाही; त्यांनी दंडाला धरून पलीकडे नेलं आणि काहीतरी विचारलं. व्याही म्हणाले, "गेनाऊ." हा एकच जर्मन शब्द त्यांनी शिकला होता. त्याचा अर्थ 'अगदी बरोबर'. एवढ्यावर त्यांचं सगळं भागायचं. चुकीच्या डब्यात कचरा टाकला म्हणून खालच्या मजल्यावरचा म्हातारा पाच मिनिटं रागावला, हे मध्ये मध्ये गेनाऊ म्हणत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी तो म्हातारा ह्यांना केक देऊन गेला. आपलं बोलणं इतकं पटणारा माणूस त्याला आयुष्यात भेटला नसावा.

आता मुख्य गोष्ट. सूनबाईंच्या मनात होतं की बाबांनी कराडला एकटं राहू नये, इथंच राहावं. इथं कायम राहण्याचे कागद भरून तयार होते, ह्यांची सही तेवढी बाकी. ह्यांना जायचं होतं कराडला, स्वतःच्या खुर्चीत बसायला. सूनबाई म्हणायची, "बाबा, तिकडे एकटे असताना पडलात तर कोण उचलणार?" शेवटी ह्यांनी हमीपत्र लिहून फ्रिजवर लावलं. ह्या हिवाळ्यात मी एकदा जरी पडलो, तर विनातक्रार सही करीन. न पडल्यास मार्चमध्ये कराडला जाईन. खाली खुलासा होता: पडणे म्हणजे बूड जमिनीला टेकणे, हात अथवा गुडघा टेकल्यास धरले जाणार नाही. मला विचाराल तर त्यांनी राहावं असंच मला वाटत होतं. पण मी कुणाला राहा म्हणत नाही. बायको होती तेव्हा ती माहेरी जायची, तर तिलाही कधी लवकर ये म्हटलं नाही.

तर असा हा माणूस एका शनिवारी मला म्हणतो, नंगा नाच बघायला जाऊ या. आधी मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मग त्यांनी खुलासा केला. नोकरीभर लॉजवरच्या आणि ऑर्केस्ट्रा बारवरच्या छाप्यांचे कागद त्यांच्या हाताखालून गेले. प्रत्येकात एकच वाक्य, 'अश्लील हावभाव करीत असताना मिळून आल्या'. हजार वेळा तरी त्यांनी ते स्वच्छ अक्षरात उतरवलं होतं. "आणि व्याहीबुवा, हावभाव कसला असतो ते मी एकदाही पाहिलेलं नाही. न पाहता लिहीत गेलो. इथं तो धंदा कायदेशीर आहे, ट्राममधून रोज पाटी दिसते. छापा पडायची भीती नाही."

त्या दिवशी मुलगा आणि सून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वोल्फ्सबुर्गला गेलेली. बाहेर सकाळपासून बर्फाळ पाऊस. स्वयंपाकघरात सुनावणी सुरू झाली.

"वादीचं म्हणणं असं," व्याही म्हणाले, "की मुलं संध्याकाळभर बाहेर असण्याचा योग पुन्हा यायचा नाही. प्रतिवादीचं म्हणणं, रस्ता निसरडा आहे, पडलो तर हमीपत्र आहे आणि कराड गेलं."

"प्रतिवादी कोण?" मी विचारलं.

"तोही मीच."

"आणि मी?"

"तुम्ही साक्षीदार."

"मी साक्षीला उभा राहत नसतो. माझ्या ट्रकला दोनदा धडक बसली, तेव्हाही राहिलो नाही."

प्रकरण चहापर्यंत तहकूब झालं. चहानंतर पुन्हा तहकूब होणार होतं, तेवढ्यात मुलाचा फोन आला. "अण्णा, आज बाहेर पाय ठेवू नका. ग्लाटआइस आहे, रस्त्यावर नुसती काच झालीय. आणि बाबांना तर अजिबात सोडू नका." मी फोन ठेवला. मला कुणी बाहेर पडू नका म्हटलं की माझे पाय आपोआप बुटात जातात, हा स्वभाव आहे.

"चला," मी म्हटलं.

"निकाल लागला का?"

"लागला."

घाटात चाकांना साखळ्या बांधतात ते मी जन्मभर बघितलंय. मुलाचे जुने लोकरीचे मोजे काढले आणि दोघांच्या बुटांवरून चढवले. व्याह्यांनी तिळाचे चार लाडू कागदात बांधून खिशात टाकले, "आणीबाणीसाठी". सव्वापाच वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख. नाइट क्लब रात्री असतो आणि रात्र झालेली आहे, ह्या मुद्द्यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं. त्यांचा दंड माझ्या काखेत धरून मी पहिल्या गियरमध्ये निघालो. ट्राम मिळाली, उतरलो, पोचलो. पाटी विझलेली. दारही बंद. दारापुढे जाड जाकिटातली एक बाई बादलीतून बारीक खडी फरशीवर पसरत होती. तिनं आधी आमच्या बुटांवरचे मोजे बघितले, मग आम्हाला. नंतर दारावरचा आकडा दाखवला, बावीस. म्हणजे रात्रीचे दहा.

"मग ही काय दुपार आहे?" मी मराठीतच म्हटलं, आकाशाकडे बोट दाखवून. तिला समजलं असणार, ती हसायला लागली.

व्याही मात्र कामाचा माणूस. त्यांनी दारावरच्या चित्रातल्या नाचणाऱ्या बाईकडे बोट केलं, मग हिच्याकडे, आणि विचारलं, "गेनाऊ?"

"गेनाऊ," ती म्हणाली. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं बादली खाली ठेवली, दिव्याच्या खांबाला एका हातानं धरलं आणि त्याच जाड जाकिटात, त्याच बुटांत, एक सावकाश गिरकी घेतली. घसरू नये म्हणून खांब घट्ट धरून. व्याह्यांनी चष्मा पुसून ते नीट बघितलं.

"ह्यात अश्लील काही नाही हो," ते हळूच म्हणाले. "नुसतं 'हावभाव' पुरलं असतं. तो एक शब्द मी उगाच लिहीत आलो." आणि तिच्या हातावर दोन लाडू ठेवून, वाकून म्हणाले, "तिळगूळ घ्या, गोड बोला." तिनं तिथंच एक तोंडात टाकला. मग बादली उचलून ट्रामच्या थांब्यापर्यंत आमच्या पुढे खडी टाकत चालत आली. एवढ्या मानानं मला आजवर कुणी पोचवलेलं नाही.

घराजवळ उतरलो तेव्हा गल्लीत खडी नव्हती. दोनशे पावलं नुसती काच. त्यांचा दंड माझ्या काखेत, सगळा भार माझ्यावर. तेव्हा माझ्या मनात आलं ते लिहितो, खोटं कशाला. मनात आलं की हा हात जरासा ढिला केला, तर हे बसतील आरामात खाली, फार लागणार नाही, आणि राहतील इथंच. उद्या चहाला समोर असतील, परवाही असतील. आणि त्याच वेळी त्यांचा पाय सटकला. एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, बूड हवेत. मी दोन्ही हातांनी असा उचलला तो माणूस की माझी पाठ आठवडाभर बोलत होती.

"टेकलं का?" ते धापा टाकत म्हणाले.

"नाही टेकलं."

"बघा हं. साक्ष द्यावी लागेल."

सूनबाईनं आल्यावर ओल्या पँटी बघून विचारलं, तेव्हा मी साक्ष दिली. आयुष्यातली पहिली.

मार्चमध्ये त्यांना सोडायला आम्ही फ्रँकफर्टला गेलो. सून रडली. विमानतळावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही धरलंत म्हणून जातोय, व्याहीबुवा." मी म्हटलं, "ड्रायव्हर माणूस आहे मी. माल ज्या गावचा त्या गावी पोचवायचा, एवढंच आपल्याला येतं." ते गेनाऊ म्हणाले आणि आत गेले.

परत येताना मागच्या सीटवर मी एकटा होतो. मुलानं आरशातून विचारलं, "अण्णा, रस्ता खराब लागतोय का? सारखे हलताय." मी म्हटलं, रस्ता चांगला आहे. भरलेला ट्रक दबून चालतो आणि माल उतरवल्यावर तोच ट्रक त्याच रस्त्यावर आदळतो, हे त्या इंजिनियर मुलाला काय सांगणार. खिडकीची काच थोडी खाली केली आणि ब्राउनश्वाइगपर्यंत बाहेर बघत बसलो.