हरभऱ्याच्या पलीकडे दादा

सातव्या महिन्यात मी बाळंतपणासाठी माहेरी आले आणि त्याच आठवड्यात दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पुण्याच्या दवाखान्यात ल्युटेशियमचं इंजेक्शन दिलं. प्रोस्टेटचा कॅन्सर त्यांच्या हाडांत उतरला होता. आधीच्या स्कॅनमध्ये त्यांच्या कमरेत, फासळ्यांत ठिपके उजळलेले मी पाहिले होते. काळ्या पडद्यावरचं ते चांदणं मला क्षणभर सुंदर वाटलं आणि स्वतःचाच संताप आला.

डॉक्टरांनी समजावलं की पेप्टाइड म्हणून एक बारीकसा रेणू असतो, तो आजारी पेशी बरोबर ओळखतो. त्यालाच किरणोत्सारी औषध जोडून पाठवायचं. दादा म्हणाले, "म्हंजी बैलाला घर ठावं असतं, गाडी आपसुक मागनं येती. तसंच ना?" डॉक्टर हसले. औषध लघवीतून बाहेर पडतं, तेव्हा संडासात दोनदा पाणी सोडा, असं सांगितल्यावर मात्र दादांचा चेहरा पडला. आमचं गाव हिवरे बाजारच्या शेजारचं. कुठलं पीक किती पाणी पितं यावर आमच्याकडे ग्रामसभेत भांडणं होतात.

"दोनदा?" त्यांनी विचारलं. "एकाच टायमाला?"

शेवटची सूचना माझ्यासाठी होती. दोन आठवडे लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं.

दादांनी घरी न येता सरळ शेतातल्या मोटारीच्या खोलीत अंथरूण टाकलं. आई बांधावर जेवण ठेवून मागे फिरायची. त्यांच्या आणि माझ्यामध्ये हरभऱ्याचं एक वावर होतं, बस. थंडीचे दिवस, ओट्यावर ऊन यायचं आणि मला सारखी गुंगी यायची. डोळा लागायचा, उघडायचा, पलीकडे दादा बसलेले असायचे. सकाळच्या धुक्यात तर त्यांचं नुसतं पांढरं पागोटंच दिसायचं, जमिनीपासून सुटलेलं. पोटात बाळ हळूच कूस बदलायचं. किती वाजले, वार कोणता, काही कळायचं नाही. मग मोबाईल वाजायचा आणि समोर दिसणारा माणूस माझ्या कानात बोलायचा.

"जेवलीस का?"

"जेवले. तुम्ही?"

"तोंड लई कोरडं पडतंय. पर बरं हाय."

आमची गायही तेव्हा गाभण होती. पहाटे तिच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय दादांचा दिवस सुरू होत नसे. पण आता मोटारीच्या खोलीशेजारीच गोठा असूनही ते तिकडे फिरकेनात. मी विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरानं सांगितलंय ना, गाभणीजवळ जायाचं न्हाई."

"अहो दादा, ते बायकांबद्दल होतं!"

"पोट ते पोटच की."

मी हसून हसून बेजार झाले. नवऱ्याला सांगितलं, आत्याला सांगितलं, शाळेतल्या मैत्रिणींना फोन करकरून सांगितलं. मी विज्ञान शिकवते. किरणोत्सार अंतराने आणि दिवसांनी कसा ओसरतो, हे दादांना फोनवर पाढे म्हणावेत तसं ऐकवलं. ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे "व्हय, व्हय" करत राहिले.

दोन आठवडे संपले. डॉक्टरांना फोन करून मी स्वतः खात्री करून घेतली: आता काही हरकत नाही. दादांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि दुपारी हरभऱ्यातून चालत आले. किती वाळले होते! ओट्याशी येऊन त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला.

आणि मी मागे सरले.

एकच पाऊल. दोन्ही हात पोटावर. मला सगळं ठाऊक होतं, माझ्या पायांना नव्हतं.

दादांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो स्वतःच्या पागोट्याकडे नेला, जणू तेच सारखं करायचं होतं. "थांब पोरी, जवळ येऊ नगं," ते घाईने म्हणाले, "मलाच अजून भरवसा वाटंना. दोन दिस जाऊ दे." आई चहा घेऊन बाहेर आली तर तिलाही त्यांनी तेच सांगितलं. म्हणाले, पोरगी येत होती, मीच न्हाई म्हनलो.

मी खाली मान घालून ते खोटं चालू दिलं.