बोर्ड वाचला नव्हता का?

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो. त्या दिवशी मी ठाण्यात बसून दर अर्ध्या तासाने एका आकड्याची वाट पाहत होतो. तो आकडा होता एका आजारी बाईच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा.

तेव्हा मी उज्जैनला, फ्रीगंजजवळच्या ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. या वयात पोलीस अधिकाऱ्याला एक खोड लागते. समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकलं की पुढची दहा आपल्याला ठाऊक आहेत असं वाटू लागतं. मलाही ती लागली होती.

मे महिन्यातली सकाळ. टावर चौकातल्या एका दुकानदाराचा फोन आला. रुग्णांसाठी लागणारी यंत्रं, पलंग, व्हीलचेअर असलं सामान विकणारं मोठं दुकान. म्हणाला, "साहब, एक बुजुर्ग ने डंडा मारकर काउंटर का काँच फोड़ दिया. हटने को तैयार नहीं. आप किसी को भेजिए." मी हवालदार पाठवला आणि वीस मिनिटांत तो त्या गृहस्थांना घेऊन आला.

पाहतो तर ओळखीचा चेहरा. चारच दिवसांपूर्वी ते माझ्यासमोर आवेदन, म्हणजे तक्रारीचा अर्ज, घेऊन बसले होते. निवृत्त गणित शिक्षक, पंचाहत्तरीच्या आसपास. मराठी, आमच्यासारखंच इथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेलं घर. त्यांना मी सर म्हणत होतो. पत्नीची फुप्फुसं निकामी होत चाललेली. डॉक्टरांनी घरी चोवीस तास ऑक्सिजन सांगितला, म्हणून सरांनी त्या दुकानातून हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन घेतलं. मशीन चालू असायचं, नळीतून हवा यायची, पडद्यावर सगळं ठीक दिसायचं, आणि बाईंचा ऑक्सिजन मात्र खाली खाली जायचा. चौथ्या दिवशी सरांनी मशीन रिक्षात घालून दुकानात परत नेलं. दुकानदाराने ते ठेवून घेतलं, इंजिनिअरला दाखवतो म्हणाला, आणि नंतर हात वर केले.

त्या वेळी सरांनी आवेदनाला कायद्याचं एक छापील पान जोडलं होतं. मी ते उलटूनही पाहिलं नाही. मी म्हणालो होतो, "सर, हे दिवाणी काम आहे, पोलिसांचं नाही. दुकानात एवढा मोठा बोर्ड आहे, बिका हुआ माल वापस नहीं होगा. तुम्ही बोर्ड वाचला नव्हता का?"

सर कागद माझ्या टेबलावर तसेच ठेवून उठून गेले होते. आज त्यांच्या हाताला काच लागून रक्त आलं होतं.

"मला अंदर करायचं असेल तर करा," ते म्हणाले. "पण आधी एक ऐका. इतके दिवस शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या सिलिंडरांवर भागवलं, आता शेवटचा लावलाय. तो संध्याकाळी सहापर्यंत चालेल. मी हिशोब करून आलोय. सहानंतर हिचं काय, ते तुम्ही मला सांगा."

मी म्हणालो, इस्पितळात हलवू. ते म्हणाले, "आठ दिवस आयसीयूत होती. तिथे परत नेऊ नका म्हणून तिने माझा हात धरून ठेवलाय. अगदीच वेळ आली तर नेईनच. पण मशीन चांगली असती तर ही वेळ आली असती का?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शेजारीण होती. सरांनी ऐकलं आणि माझ्याकडे बघून नुसतं म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी." नव्वदच्या खाली गेलेल्या त्या आकड्याचा अर्थ मला माहीत होता. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात मीही तसाच आकडा पाहत बसलो होतो.

एका आरक्षकाला, म्हणजे शिपायाला, दुसऱ्या सिलिंडरच्या शोधात पाठवलं, सरांच्या हाताला पट्टी बांधायला सांगितली आणि मी स्वतः दुकानात गेलो.

दुकानदार चाळिशीचा, गोड बोलणारा. गल्ल्यामागे देवीची तसबीर आणि तिच्याखाली तो बोर्ड. फुटलेली काच त्याने मुद्दाम तशीच ठेवली होती. मशीन कोपऱ्यात उभं होतं, पुसून चकचकीत. मी बयान लिहून घेऊ लागलो. बयान घेताना मध्ये बोलायचं नाही, ही माझी जुनी सवय. माणसाला बोलू दिलं की तो गरजेपेक्षा जास्त बोलतो.

"साहब, मशीन एकदम नई थी, सीलबंद," तो म्हणाला. "मीटर देख लीजिए, मुश्किल से चार दिन चली है. पर इन्होंने घर ले जाकर पूजा की, कुंकू से साथिया बनाया, लच्छा बाँधा. हमने ही साफ करवाया. अब पूजा किया हुआ माल कंपनी वापस लेगी क्या? आप ही बताइए, आप तो उज्जैन के हो."

मी उज्जैनचाच. इथे नवी स्कूटर असो, फ्रिज असो की पिठाची चक्की, घरात पाऊल ठेवण्याआधी तिच्यावर स्वस्तिक निघतं आणि लाल-पिवळा धागा बांधला जातो. मला त्याचं म्हणणं पटलं. खरंच सांगतो, पटलं. ठाण्यात परतलो ते सरांना समजवायचं ठरवूनच.

"सर, तुम्ही मशीनची पूजा केलीत, तिथेच घोळ झाला. तो म्हणतो, माल वापरलेला झाला."

सरांनी मान वर केली. "पूजा? कोणी केली पूजा?"

"कुंकवाचं स्वस्तिक होतं म्हणाला. त्यानेच पुसून घेतलं."

"अहो, आमच्याकडे सुतक होतं!" सर एकदम उभे राहिले. "देवासला माझे चुलतभाऊ वारले. तिसऱ्या दिवशी मशीन आली आणि सातव्या दिवशी मी ती परत नेऊन टाकली. दहा दिवस आम्ही देव्हाऱ्यातल्या देवाला हात लावला नाही. दिवासुद्धा शेजारच्या वहिनी लावून जात होत्या. मशीनला कुंकू कोण लावणार?"

मी खुर्चीत मागे टेकलो. सुतकात मराठी घरात पूजेची कुंकवाची वाटी उघडत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण दुकानदारही खोटं बोलला नव्हता. कुंकू त्याने पाहिलं होतं, पुसून घेतलं होतं. फक्त ते सरांच्या आधीच्या दुसऱ्याच कुणाच्या घरचं होतं, हे तो विसरला होता. चोर चोरी करून जातो आणि चप्पल मागे ठेवतो, त्यातलाच प्रकार.

मग मी टावर चौकातल्या एका लोडिंग रिक्षावाल्याला बोलावलं. त्या बाजारातलं सामान तोच पोचवायचा आणि अधूनमधून मला खबरही द्यायचा. आत येतानाच घाबरलेला. "साब, अपने को लफड़े में मत डालना. रोज उसी दुकान का भाड़ा है."

मी चहा मागवला आणि सरांकडे बोट दाखवलं. "यांच्या घरी मशीन तूच पोचवलीस ना? यांची बायको आत्ता मोजून मोजून श्वास घेतेय."

त्याने चहाचा कप न उचलता बाजूला सारला. मग म्हणाला, "साब, ये मशीन मैंने दो बार ढोई है. दो महीने पहले नानाखेड़ा के एक घर से उठाकर दुकान पे लाया था. वहाँ बाबूजी खतम हो गए थे. उतारते टाइम एक पहिया मेरे हाथ से चटक गया था. मास्साब के यहाँ उतारी तो वही पहिया चटका हुआ. मैं कुछ नहीं बोला. गलती हो गई."

घड्याळात दोन वाजत होते. सरांचा फोन पुन्हा वाजला. शहाऐंशी. आरक्षकाचा अजून पत्ता नव्हता.

दुकानदाराला आणि मशीनला ठाण्यात आणलं. दोन पंच बसवले आणि सरकारी इस्पितळातल्या तंत्रज्ञाला बोलावून त्यांच्यासमोर मशीन उघडायला सांगितलं. दुकानदार निवांत होता. किती तास चाललं ते दाखवणारं मीटर नवं, नंबराची पट्टी नवी, बिल बरोबर. तंत्रज्ञाने समोरचं मोठं स्टिकर कडेने सोलून काढलं. खाली प्लास्टिकवर फिकट गुलाबी डाग होता, स्वस्तिकाच्या दोन भुजा अजून दिसत होत्या. तडकलेल्या चाकाच्या आसात लाल-पिवळ्या धाग्याचा गुंता अडकलेला. आणि मागची जाळी झटकली तर टेबलावर तांदळाचे तीन दाणे पडले. हळदीने पिवळे झालेले, पूजेतल्या अक्षतांचे.

मी दुकानदाराला एवढंच विचारलं, "ये चावल किसके घर के हैं?"

तो खाली बसला. मग सगळं बाहेर आलं. नानाखेड्याच्या घरी विकलेलं मशीन मुळातच खराब होतं. त्यांनी तक्रार केली, याने दाद दिली नाही. त्यांच्याकडचे वृद्ध गेल्यावर याने ते भंगार म्हणून उचलून आणलं, मीटर आणि स्टिकर बदललं आणि तेच खराब मशीन नवं म्हणून सरांना विकलं.

"साहब, अभी के अभी नई मशीन भिजवा देता हूँ," तो हात जोडून म्हणाला. "बात यहीं खत्म कर दीजिए."

"मशीन अभी जाएगी," मी म्हणालो. "बात खत्म नहीं होगी."

कंपनीचं सील असलेलं मशीन तंत्रज्ञाने तपासलं आणि तो स्वतःच ते सरांच्या घरी घेऊन गेला. मी ठाण्यात जप्तीचा पंचनामा लिहीत बसलो, पण एक ओळ लिहिली की फोनकडे बघायचो. आरक्षक रिकाम्या हातांनी परतला, पाच वाजून गेले. शेवटी सरांचा फोन आला. म्हणाले, "त्र्याण्णव. आणि चहा मागतेय."

मी पेन खाली ठेवलं. डोळे भरून आले होते आणि समोर ठाण्याचा कारकून, मुंशी, बसला होता, म्हणून उगाच पंख्याकडे बघत राहिलो.

फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. सरांनी जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी तक्रार केली, वकिलाशिवाय, स्वतःच्या अक्षरात. फोडलेल्या काचेची भरपाईही त्यांनी हट्टाने दिली. "काच मी फोडली, तेवढं माझं," म्हणाले.

त्या रात्री मी ते छापील पान प्रथमच वाचलं. खराब निघालेला माल परत घेणं विक्रेत्याला टाळता येत नाही. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत आणलेला सदोष माल नाकारणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मन बदललं म्हणून चांगली वस्तू परत करायचा हक्क नाही, पण वस्तूच सदोष असेल तर दुकानातल्या बोर्डला कायद्यापुढे काडीची किंमत नाही. आणि मी वर्दी घालून तो बोर्ड कायदा असल्यासारखा वाचून दाखवत होतो.

दुसऱ्या दिवशी साक्षीदाराचं बयान घ्यायला मी नानाखेड्याला गेलो. वारलेल्या गृहस्थांचा मुलगा घरी होता, बँकेत नोकरीला. मशीन घरी आलं त्या दिवशी काढलेला फोटो त्याने फोनवर दाखवला. वडील पलंगावर बसलेले, शेजारी मशीन, त्यावर ठळक स्वस्तिक, धागा, अक्षता. आईने औक्षणसुद्धा केलं होतं.

"मशीन की वजह से गए, ऐसा मैं नहीं कहता," तो म्हणाला. "डॉक्टर ने कहा था, उम्र थी. पर आखिरी के पंद्रह दिन मैं उस दुकान के चक्कर काटता रहा. उनके पास बैठना था, नहीं बैठा."

मी म्हणालो, त्याच वेळी पोलिसांकडे यायला हवं होतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "आया था, सर. आपके ही थाने में. आप ही बैठे थे. आपने पूछा था, दुकान का बोर्ड पढ़ा नहीं था क्या?"

परत आल्यावर मी मागच्या तीन महिन्यांचा रोजनामचा, ठाण्याची रोजची नोंदवही, पान पान उलटून पाहिला. त्यात त्याच्या येण्याची नोंद नव्हती. आवेदनच घेतलं नव्हतं, तर नोंद कुठून असणार.

पुढे उरलेल्या दीड वर्षात मी एकही आवेदन वाचल्याशिवाय परत केलं नाही. ज्याचं काम पोलिसांचं नव्हतं, त्याला कुठे जायचं ते कागदावर लिहून द्यायचो. बिलाची मूळ प्रत हातातून सोडू नका, माल परत दिला तर पोच घ्या, हे तर पाठच झालं होतं. लोक माझं कौतुक करायचे, आणि मला ते नको वाटायचं.

सरांची केस मला बारीकसारीक तपशिलांसह आठवते. तांदळाचे तीन दाणे आठवतात, त्र्याण्णव आठवतं. पण दोन-अडीच महिने आधी नानाखेड्याचा तो मुलगा माझ्या टेबलासमोर उभा होता, ती सकाळ कितीही आठवायचा प्रयत्न केला तरी मला आठवत नाही.