मागच्या सीटची परीक्षा

नेरळच्या स्टँडवरचे सर्वांत जुने ड्रायव्हर नाना आपल्याच टॅक्सीत मागे बसत. डबा खायलाही मागेच. "पाशिंजरची जागा ठावं नाय, तो डायवर कसला?" म्हणत.

खोपोलीतला आमचा कारखाना बंद पडला तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा स्टोअरकीपर होतो. त्या वयात नोकरी कोण देणार? टॅक्सी चालवायची ठरवून फाइल तयार केली. लायसन, बॅज, पोलिसांचा दाखला, डॉक्टरचा दाखला, रहिवासाचा पुरावा. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, वर क्रमांक. एक मालक गाडी द्यायला तयार होता, पण नाना हो म्हणाले तरच. तशी स्टँडवरची रीतच होती.

नानांनी फाइल शेवटपर्यंत चाळली. "इष्टोरकीपर, कागद झ्याक हायेत. ह्यात डायवर कुठं हाय?"

त्यांची परीक्षा एकच. माथेरानच्या घाटात त्यांची टॅक्सी मी चालवायची, ते मागे बसणार. "पाशिंजर झोपलं, डायवर पास."

पहिल्या खेपेला मी प्रत्येक वळण मनात मोजत, प्रत्येक वळणाला ब्रेक मारत वर गेलो. वर गाड्यांच्या शेवटच्या थांब्यावर, दस्तुरी नाक्यावर, नाना पोट धरून उतरले. "ताक घुसळलंस रं माझ्या पोटात! वळणं कशाला मोजतोस? ती काय पळून जात्यात?"

दुसऱ्या खेपेला चढ जमला, उतार नाही. "ब्रेकवर उभा ऱ्हातोस. ज्या गियरात चढलास, त्याच गियरात उतर." पुन्हा नापास. महिनाभर रोज पहाटे त्यांच्याच टॅक्सीवर सराव केला.

त्याच महिन्यात नानांचं लायसन नव्याने करायचं होतं. ओळखीचा डॉक्टर न तपासताच दाखल्यावर सही करत होता. नानांनी कागद ओढून घेतला. "म्होरल्या गाडीचा नंबर मला दिसत नाय, आन् तुमी लिवताय दिसतो?" चाळीस वर्षांचा बॅज त्यांनी शर्टावरून काढून खिशात टाकला.

तिसऱ्या खेपेला उतारावर आरशात पाहिलं. नानांची मान कलली होती, डोळे मिटलेले. मला राहवेना.

"नाना, झोपलात?"

"झोपलेल्याला कुनी इचारतं का रं? घाट बघ!"

खाली येईपर्यंत मी पुन्हा आरशात पाहिलं नाही. स्टँडवर नाना मालकाला म्हणाले, "दे ह्याला गाडी. बडबड्या हाय, पन हात चांगला हाय."

नाना आता नाहीत. उतारावर आरशात कुणाची मान कललेली दिसली, की मी गियर तोच ठेवतो आणि काही विचारत नाही.