रेंबेर्तोच्या फाटकात आडवी गाडी

एउलोहिया काकुपे गावाच्या हमरस्त्यावर चीजचे चिपा पाव विकायची. टोपल्या न्यायला तिने जुन्या गाड्या विकणाऱ्या रेंबेर्तोकडून एक पांढरी गाडी स्वस्तात घेतली. तो तिच्या मुलीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, म्हणून तिने फारशी चौकशीही केली नाही.

आठवड्याच्या आतच उतारावर ब्रेक लागेना. गाडी उसात घुसली म्हणून जीव वाचला. सीटखालचं कापड उचकटलं तर आत नदीचा वाळलेला गाळ. गाडी पुरात बुडालेली होती.

रविवारी तिने शेजाऱ्याचे बैल जुंपून ती ओढत आणली आणि रेंबेर्तोच्या फाटकात आडवी लावली. त्याच्या विकायच्या सगळ्या गाड्या आत अडकल्या.

"अहो ताई, जुन्या गाडीत थोडंफार असतंच," तो हसत म्हणाला.

"मग तुझी पोरं बसव हिच्यात आणि उतारावरून नेऊन दाखव. मी थांबते इथे."

त्याचं हसू मावळलं. दारातून बायकोने विचारलं, "ब्रेकचं तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याने मान खाली घातली. बायकोने आतून पैसे आणून एउलोहियाच्या हातात ठेवले.

एउलोहियाने किल्ली त्याच्या पायाशी फेकली. "पोरीच्या लग्नाला येऊ नकोस," असं बजावून ती बैल हाकत घरी गेली.