मांजरीला दूध पाजायचं पुण्य

आज सकाळी नातीच्या मांजराला डॉक्टरकडे नेलं. कालपासून त्याला जुलाब होत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी दूध बंद करा. मोठ्या मांजरांना ते बहुतेक पचत नाही."

मला एकदम आमच्या बालाघाटच्या घरची मनी मांजर आठवली. साठच्या दशकातली गोष्ट. तिचंही पोट असंच बिघडलं होतं.

आई घाबरली. "घरात मांजर मेली तं पाप लागते. सोन्याची मांजर करून काशीले दान द्या लागते," म्हणाली. त्या भीतीनं आई तिला दूध पाजायची. आईच्या नकळत काकू पाजायची, आणि कचेरीतून आले की बाबाही. मनी वाळतच चालली.

मग जवळच्या लामता गावी एक लग्न निघालं. आम्ही सगळे घराला कुलूप लावून गेलो आणि मनी अंगणात राहिली. चार दिवसांनी परतलो तर ती ठणठणीत, तोंडात उंदीर धरून ओट्यावर बसलेली.

आईनं हात जोडले. "पाह्यलं, देवानंच वाचवलं तिले!" आणि तशीच दूध तापवायला गेली.

खरं सांगा, तुमच्या घरी मांजरीचं दूध बंद करायची हिंमत कोणात आहे?