एर्सिलियाबाईंचे एक्याण्णव डबे

आमच्या इमारतीचा जिना पाचव्या मजल्यावर दमून थांबतो, तिथे माझं घर. माझं छत संपतं तिथून एर्सिलियाबाईंचं शेत सुरू होतं. हे शेत मी लावलं नाही, वाढवलं नाही. उलट ते तिथून हटावं म्हणून मी मनापासून खटपट केली. तरी आज मध्य हवानात कुणी त्या शेताची चौकशी केली, तर लोक माझ्याकडे बोट दाखवतात. हा अन्याय आहे, पण आता मला त्याची सवय झाली आहे.

बाई माझ्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. त्यांचा नवरा ओनेल्यो बस चालवायचा. त्याला जेवणात रोज काळा घेवडा लागे आणि घेवड्यात ती छोटी, गोल, सुरकुतलेली मिरची लागे, जिला वास आहे पण तिखटपणा नाही. एका वर्षी ती मिरची बाजारातून नाहीशी झाली. आमच्याकडे गोष्टी अशाच नाहीशा होतात. कधी कांदा, कधी साबण, कधी शेजारी. बाईंनी कुठून तरी एक मिरची पैदा केली, बिया काढल्या, दह्याच्या प्लास्टिकच्या डब्याला तापलेल्या खिळ्याने भोकं पाडली आणि रोप लावलं. ओनेल्यो रोज डब्यात डोकावून म्हणायचा, "अगं, हिला फळ धरेपर्यंत मी जातो बघ."

बोलल्याप्रमाणे गेला. तीन आठवड्यांनी झाड मिरच्यांनी लगडलं.

"चाळीस वर्षं याची बस एकदा वेळेवर आली नाही," बाई मला म्हणाल्या, "आणि जायची मात्र केवढी घाई!" असं म्हणून त्यांनी मिरच्या माझ्या हातात ठेवल्या, कारण त्यांना स्वतःला ती मिरची कधीच आवडली नव्हती.

त्यानंतर बाईंना जे वेड लागलं ते आजतागायत उतरलं नाही. रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे कॅन, आइस्क्रीमचे डबे, उभी चिरलेली पाण्याची निळी टाकी, बंद पडलेल्या धुलाईयंत्राचा टब, सगळं गच्चीवर चढलं. जुन्या रशियन फ्रिजचा भाजीचा कप्पाही आला. तीस वर्षं त्या कप्प्याला भाजीचं दर्शन घडलं नव्हतं. आता त्यात कोथिंबीर उगवली. पलीकडच्या गल्लीतली इमारत पावसात बसली तेव्हा लोक आपापल्या नातेवाइकांची खुशाली विचारायला धावले. बाईही धावल्या, खुशाली विचारली आणि येताना दोन खिडक्यांची झडपं आणि पलंगाच्या सहा पट्ट्या घेऊन आल्या. त्यांचे वाफे झाले. माझी शाळा बंद झाली तेव्हा तिथली बाकंही अशीच वर गेली. ज्या बाकावर मुलांनी माझं व्यंगचित्र कोरलं होतं, त्याच्या फळीमागे आता टोमॅटो आहेत. नाक बरंच जमलंय.

माती कुठली? थोडी उद्यानातली, त्याबद्दल न बोललेलं बरं. बाकी सगळी आमचीच: अंड्यांची टरफलं, केळ्यांच्या साली, कॉफीचा चोथा. बाई सकाळी दारोदार बादली घेऊन फिरत आणि म्हणत, "टाकू नका गं बायांनो, मला द्या." लोक हसत आणि देत. मीही हसत असे. आमच्या लोकांना पालेभाजी म्हटलं की सशाची आठवण होते. डुकराच्या मांसाशेजारी हिरवं पान दिसलं तर ते चुकून पडलं असं समजून आम्ही बाजूला करतो.

मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझ्या छतावर आलेला ओलाव्याचा डाग कशाचा आहे हे मला लगेच कळलं. मी घरबांधणीच्या कचेरीत तक्रार केली. तक्रार कशी लिहावी याचा तो नमुना होता. डबे मोजून एक्याण्णव असा आकडा दिला, प्रत्येकाची लांबी-रुंदी दिली, आत काय उगवतं ते दिलं, वजनाचा अंदाज यावा म्हणून महिन्याला किती भाजी निघते तेही दिलं. दोन महिने काही झालं नाही. मग एके दिवशी शहरी शेतीचे एक अधिकारी फुलं घेऊन आले. माझी तक्रार टेबलावरून टेबलावर सरकत त्यांच्यापर्यंत पोहोचली होती आणि त्यांनी ती शिफारस म्हणून वाचली होती. गच्चीवर समारंभ झाला. 'जागरूक शेजाऱ्याने' लिहिलेलं वर्णन मोठ्याने वाचून दाखवलं गेलं आणि बाईंना 'आदर्श गच्ची'चं प्रमाणपत्र मिळालं. मला लेट्यूसचा गड्डा मिळाला. घरी जाऊन मी तो रागाने खाल्ला. चांगला होता.

पुढची सात वर्षं मी तो रागानेच खात होतो. मी एकटा माणूस, बाई रोज काहीतरी दारात ठेवायच्या. इमारतीतल्या बारा घरांना हीच सवय लागली होती, आणि बाराही घरं "शी, पाला!" असंच म्हणत होती.

मग डासांचा ताप आला. आरोग्य खात्याची माणसं घरोघर फिरू लागली, साचलेलं पाणी शोधू लागली. एका कचेरीच्या दृष्टीने जे एक्याण्णव वाफे होते, ते दुसऱ्या कचेरीच्या दृष्टीने एक्याण्णव संशयित होते. पहिल्या वेळी पुदिन्याखालच्या बशीत अळ्या सापडल्या. दुसऱ्या वेळी धुलाईयंत्राच्या टबात. दुसऱ्या वेळच्या कागदावर लिहिलं होतं की गच्चीवर कुठल्याही भांड्यात पुन्हा एक जरी अळी सापडली, तर शुक्रवारी ट्रक येईल आणि सगळं भरून नेईल. तपासणी दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी.

बाई तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं. ओनेल्योच्या वेळी त्या रडल्या नव्हत्या, चिडल्या होत्या.

"मास्तर, पुन्हा पहिल्यापासून करायला मी आता सत्तर वर्षांची आहे हो," त्या म्हणाल्या.

त्या वेळी माझ्या लक्षात आलं की मला ही गच्ची हवी आहे. फार वाईट वाटलं. सात वर्षांचा राग एका मिनिटात फुकट गेला.

दोन आठवडे सगळी इमारत वर होती. बारा घरांनी डबे वाटून घेतले. बशा फेकल्या, टब उपडा केला, भोकं पुन्हा खिळ्याने मोकळी केली, वाफ्यांच्या फळ्यांमधल्या फटी साबणाने बुजवल्या. तळमजल्यावरची माणसं, जी वर फक्त अँटेना हलवायला यायची, तीही पानांच्या बेचक्यात बोट घालून पाणी पुसत होती. मी यादी केली. यादी मला चांगली येते. एक ते एक्याण्णव, प्रत्येकापुढे खूण. बाई तर पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तिथेच. जेवायचं, झोपायचं, चर्च, सोमवार, रविवार, कशाचंच भान त्यांना नव्हतं.

गुरुवारी युमिस्ले आली. खात्याचा राखाडी गणवेश, हातात चमचा आणि काचेची नळी. ही माझी विद्यार्थिनी. रसायनात मी तिला नापास केलं होतं.

"सर, पाच मजले!" ती धापा टाकत म्हणाली. "या बयेला तळमजल्यावर शेती करता आली नाही का?"

"ये गं पोरी, कॉफी घे," बाई म्हणाल्या.

"आधी अळ्या, मग कॉफी, मावशी. उलटं केलं की लोक लाच म्हणतात."

तिने एकेक डबा पाहिला. चमच्याने माती दाबली, टबाखाली वाकली, फ्रिजच्या कप्प्याला नाक लावलं. तासभर आम्ही सगळे गच्चीच्या जिन्याच्या तोंडाशी उभे होतो. नव्वद. एक्याण्णव. मी यादीवर शेवटची खूण केली आणि कुणीतरी टाळी वाजवली.

"थांबा," युमिस्ले म्हणाली. "आणि हा?"

मिरचीच्या डब्यामागे, भिंतीच्या कोनाड्यात, एक काचेचा पेला होता. ओनेल्योचा. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी पाण्याचा पेला ठेवतात आणि दर सोमवारी पाणी बदलतात. चोवीस माणसांनी दोन आठवडे ती गच्ची धुंडाळली होती, आणि त्या पेल्याकडे कुणाची नजर गेली नव्हती; कारण त्याला कुणी भांडं समजतच नाही. तो माणूस आहे. माणसात कोण अळ्या शोधतं?

आणि दोन सोमवार पाणी बदललं गेलं नव्हतं. बाई पाण्याशी लढण्यात गुंतल्या होत्या.

युमिस्लेने पेला उन्हात धरला. त्यात चार अळ्या मजेत खालीवर करत होत्या. बाईंनी मिरचीचा डबा दोन्ही हातांनी धरला. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

"तो माझा आहे," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. मीही वळलो असतो, पण मागे भिंत होती.

"तुमचा?" युमिस्ले म्हणाली. "सर, तुम्ही आम्हाला वर्गात काय सांगितलं होतं? मेलेला माणूस म्हणजे पाणी, चुना आणि चिमूटभर फॉस्फरस. मी पेपरात आत्मा लिहिलं तर अर्ध्या गुणासाठी नापास केलंत मला!"

"घरात ऊन येत नाही, म्हणून वर ठेवला. गच्चीचा नाही तो, माझ्या घराचा आहे. माझ्या घराच्या कागदावर लिही."

तिने बाईंकडे पाहिलं, मग मिरच्यांकडे, मग माझ्याकडे. ती रसायनात कच्ची होती, मूर्ख नव्हती.

"कुणासाठी ठेवलाय?"

"बायकोसाठी."

"नाव?"

त्या कागदावर असा रकाना नसतो. ती अर्ध्या गुणाची वसुली करत होती. पण सांगणं भाग होतं.

"नेरेइदा," मी म्हणालो. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत ते नाव मी एकदाही मोठ्याने घेतलं नव्हतं. शिकलेल्या माणसाने नाव घेऊन काय करायचं, असं मला वाटे. ती कशी हसायची, कुठल्या बाजूला झोपायची, सगळं एकदम त्या गच्चीवर येऊन उभं राहिलं. मी चष्मा पुसू लागलो.

युमिस्लेची थट्टा थांबली. तिने खाली मान घालून लिहिलं: 'गच्ची, निरंक. पाचवा मजला, डावीकडचं घर, अळ्या. महिनाभर आठवड्यातून दोनदा धूरफवारणी.' मी सही केली. मग तिने कॉफी घेतली, लेट्यूसचे दोन गड्डे पिशवीत टाकले आणि कुरकुरत जिना उतरली. माणसंही पांगली.

बाईंनी पेला ओतला, घासला, स्वच्छ पाण्याने भरून कोनाड्यात ठेवला. ओनेल्योला काहीतरी पुटपुटल्या. बहुधा शिव्याच असाव्यात. आभार मानतील म्हणून मी थांबलो होतो.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं त्या बाईला तहानलेली ठेवलीत, आणि आता धूर तेवढा तिच्या नावावर!"

मला हसू आलं, पण ते पुरं झालं नाही. बाईंनी पदपथावरून आणलेल्या खोक्यातून दुसरा पेला काढला, झग्याला पुसला आणि माझ्या हातात दिला. मी नको म्हणालो नाही. बादलीतून पाणी घेतलं. किती भरायचा असतो ते मला माहीत नव्हतं, विचारायची लाज वाटली. म्हणून काठोकाठ भरला, आणि घरी नेताना जिन्यात निम्मा सांडला.