दार उघडणारीचं नाव

ही चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मावशीबद्दल वाचताना तुम्हाला हसू येईल आणि त्या हसण्यात मी सुटून जाईन, अशी भीती वाटते. इतवारीत भांड्यांची ठोक दुकानं जिथं संपतात, त्या गल्लीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. सातबारा, दाखले, घरटॅक्सचं बिल, सगळं लोक माझ्याकडून काढून घेतात आणि माझ्याकडूनच वाचून घेतात. काढून देणं सोपं आहे. वाचून सांगण्यात मी एकदा कसूर केली, आणि एका माणसाचा हात कायमचा गेला.

जिला सगळे मावशी म्हणायचे, तिचं मिरची कांडप माझ्या दुकानासमोर होतं. मशीन सुरू झालं की सारी गल्ली शिंकायची. त्याबद्दल तिला कोणी काही बोलत नसे, कारण बोलणाऱ्याला मार बसायचा. "मी आधी मारते, मंग इचारते," असं ती स्वतःच सांगायची, आणि सांगतानासुद्धा समोरच्याच्या खांद्यावर एक थाप ठेवून द्यायची. तिच्या लेखी ती थाप मायेची असे. खांदा संध्याकाळपर्यंत ठणकायचा.

एकदा एका टेम्पोवाल्यानं गाडी मागे घेताना हातगाडीवाल्या म्हाताऱ्याला भिंतीशी दाबलं. म्हातारा ओरडायच्या आत मावशी मशीनचा लोखंडी दांडा घेऊन बाहेर आली. पहिला घाव तिनं आरशावर घातला, दुसरा दिव्यावर, आणि ड्रायव्हर उतरतो आहे असं दिसताच तिसरा त्याच्या नडगीवर. मग विचारलं, काहून गा, मागं पाहत नाहीस? त्यानं रडत सांगितलं की ब्रेक लागला नाही. मावशीनं त्याला पायरीवर बसवलं, नडगीला हळद लावली, आणि दांडा तसाच हातात घेऊन गॅरेजवाल्याचा पत्ता विचारत निघाली.

दुसऱ्या एकानं दारूच्या नशेत शाळेतून येणाऱ्या पोरीची ओढणी धरली होती. मावशीनं त्याच्या डोळ्यांत मूठभर तिखट फेकलं. तो रस्त्यावर लोळू लागला. बघ्यांनी त्याला लाथा घालायला सुरुवात केली, तेव्हा तिनं बघ्यांनाही हाणून बाजूला केलं. त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि घरातलं सगळं दूध त्याच्या डोळ्यांत ओतलं. शिव्या मात्र शेवटच्या थेंबापर्यंत चालू होत्या.

मलाही तिचा मार मिळालेला आहे. माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा मी दोन वेळा जेवलो नाही, हे तिला कुठून तरी कळलं. दुकानात येऊन तिनं माझ्या पाठीत पितळी परातच घातली. पाठोपाठ त्याच परातीत झुणका-भाकर ठेवली आणि मी शेवटचा तुकडा गिळेपर्यंत गिऱ्हाइकांना आत येऊ दिलं नाही.

ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर मधू शाळेत जात होता. सासूसासरे गेले, पुढे नवराही गेला, तेव्हा मधूला तिनंच वाढवलं. मारून वाढवलं, असं गल्ली म्हणते. नापास झाला तेव्हा तिनं त्याला कांडपाच्या खांबाला बांधलं होतं, आणि सोडल्यावर त्याच्याच पुढ्यात बसून ती त्याच्याहून मोठ्यानं रडली होती. तो पुढे सराफ्यात कारागीर झाला. इतकी बारीक नक्षी काढायचा की दुकानदार त्याला नावानं मागायचे. पहिल्यांदा मनासारखं काम जमलं तेव्हा त्यानं वहिनीलाच चांदीची सुपारीची डबी घडवून दिली.

मावशीची लेक लग्न होऊन सासरी गेली. मधूचं लग्न झालं, पोरं झाली. पुढं मावशीचं कांडप आणि एक खोली, मागं मधूच्या दोन खोल्या. तिखटानं त्याच्या पोरांना सदा खोकला. शेजारच्या भांड्यांच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी ते घर हवं होतं. मधूला वाटलं, विकून शहराच्या टोकाला बेशाला फ्लॅट घेऊ, वहिनीलाही घेऊन जाऊ. त्याचं फार चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण मावशीला कांडप सोडायचं नव्हतं. फ्लॅटमध्ये मी काय कांडू, असं ती सगळ्यांना विचारत सुटली. व्यापाऱ्यानं मधूला सौद्याचा बयाणा दिला आणि त्याची माणसं घर मोजून गेली.

त्या दुपारी ती माझ्याकडे आली. कॉलेज प्रवेशाचे दिवस होते, दुकानात पोरांची रांग, वरून सर्व्हर बंद पडत होता. तिनं रांगेत उभं राहून नंबर लावला, यावरूनच मला काही कळायला हवं होतं. घरटॅक्सचं बिल तिनं माझ्यासमोर उलगडून ठेवलं.

"बाबू, नीट पाहून सांग. याच्यात नाव कोणाचं हाय?"

"तुमचंच हाय, मावशी."

"मंग मधूचा काही हक्क नाही ना घरावर?"

"नाही," मी म्हणालो, आणि पुढच्या पोराचा अर्ज हातात घेतला.

तुमच्याही घरी असं बिल येत असेल. काढून पाहा. मालकाचं नाव वेगळ्या रकान्यात असतं, भोगवटादाराचं, म्हणजे घरात राहणाऱ्याचं, वेगळ्या. मावशीच्या बिलावर मालक म्हणून तिच्या मेलेल्या सासऱ्याचं नाव होतं आणि भोगवटादार म्हणून तिचं. मागे कराची आकारणी करायला महापालिकेची माणसं आली, टेप लावून खोल्या मोजल्या, कांडप चालतं म्हणून पुढच्या भागाला धंद्याचा दर लावला, आणि राहतं कोण ते विचारलं. मधू कामावर होता. दार मावशीनं उघडलं होतं, म्हणून नाव तिचं लागलं. कर कोणाकडे मागायचा एवढ्यापुरतं ते नाव. हक्क पाहायचा तर सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून आखीव पत्रिका काढावी लागते. त्यावरही सासऱ्याचंच नाव असेल, वारस चढवलेच नसतील, हा अंदाज मला तिथल्या तिथं आला होता. दोन्ही रकाने माझ्या डोळ्यांसमोर होते. समजावून सांगायला वेळ लागला असता, ती पुन्हा पुन्हा विचारत बसली असती, इतकंच माझं कारण.

आयुष्यभर आधी मारून मग विचारणाऱ्या बाईनं त्या एका वेळी आधी विचारलं होतं. आणि विचारलं ते मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो माल घेऊन आला. मावशीनं कांडपाला कुलूप घालून दारात बैठक मारली होती. मधू घण घेऊन कुलपाकडे गेला. ती म्हणाली की रेकॉर्डवर माहं नाव हाय, बाबूनं पाह्यलं हाय, तुहा काही हक्क नाही. मधू हसला. त्या हसण्यावर ती उठली आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. बायकोपोरांसमोर, व्यापाऱ्यासमोर. त्यानं तिला ढकललं. उंबरठ्यावर तिचं तोंड आपटलं, दात तुटून ओठातून बाहेर आला. ती पुन्हा उठली तेव्हा तिच्या हातात दांडा होता.

मधूनं डोकं वाचवायला उजवा हात वर केला. कोपरावर घाव बसल्याचा आवाज मी रस्त्यापलीकडे ऐकला. दुसरा घावही तिथंच बसला. मग व्यापाऱ्याचे हमाल तिच्यावर तुटून पडले. एकानं तिची वेणी धरून तिला पायरीवरून खाली ओढलं, दुसऱ्यानं पोटात लाथा घातल्या. त्या ओढाताणीत दारातलं तिखटाचं पोतं फाटलं आणि गल्लीभर लाल धूळ उसळली. कोणाला काही दिसेना. डोळे मिटलेली माणसं खोकत, शिव्या देत, हाताला लागेल त्याला मारत होती. मधू कोपर पोटाशी धरून "वहिनी, वहिनी" असं ओरडत होता. शिवी होती की हाक, मला आजही सांगता येणार नाही. मी शटर अर्धं खाली ओढून आत उभा होतो. माझेही डोळे वाहत होते, पण ते तिखटानं.

ठाण्यात फौजदारांनी तिला विचारलं, तुला कोणी सांगितलं दिराचा हक्क नाही म्हणून? तिनं माझं नाव घेतलं. मला बोलावणं आलं. मधू बाकावर बसला होता, हात फळीला बांधलेला, चेहरा पांढरा. मावशीचं तोंड सुजून कानापर्यंत गेलं होतं.

मी म्हणालो, "साहेब, मी फक्त बिल पाहिलं. हक्काबद्दल मी काही बोललोच नाही."

खोलीतल्या सगळ्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. ती मला फाडून खाईल असं मलाही वाटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तुटक्या दातांतून फौजदारांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या साहेब. मीच समजली नसन बराबर."

मधूनं तोंड फिरवलं. वहिनीला सगळं ठाऊक होतं, घर लाटायला तिनं माझं नाव खोटंच पुढं केलं, असं त्याच्या मनानं त्या क्षणी घेतलं. ते मला दिसत होतं. मी सही करून घरी आलो.

ती कोठडीत असताना मी आखीव पत्रिकेसाठी अर्ज केला. पत्रिका हातात आली तेव्हा अंदाज खरा निघाला. सासऱ्याचं नाव. म्हणजे अर्धं घर मधूचं, आणि अर्धं नवऱ्याच्या वाट्याचं, तिचं आणि तिच्या लेकीचं. आता हे नीट ऐका, कारण माझी झोप यानंच उडाली. तिच्या सहीशिवाय मधूला ते घर विकताच आलं नसतं. तिला दांड्याची गरजच नव्हती. घरात बसून ती सही करणार नाही एवढं म्हणाली असती, तरी कांडप चालू राहिलं असतं. मी खरं सांगितलं असतं तर ती जिंकली असती.

जामिनावर सुटल्यावर तिनं समझोत्याच्या कागदावर सही-अंगठा केला, घर विकू दिलं. मशीन भंगारात गेलं. ती खापरखेड्याला लेकीकडे, जावयाच्या वीज केंद्राच्या क्वार्टरात राहायला गेली. मधूचं कोपर अर्धवट वाकलेलं तसंच आखडलं. सराफ्यातलं काम गेलं. बेशाच्या एका अपार्टमेंटमध्ये तो गेटवर बसू लागला. वहिनीशी तो पुन्हा बोलला नाही.

मी खापरखेड्याला गेलो, पण फार उशिरा. मावशी पार वाळली होती. मी तिच्या पायांशी बसून जे बोलायचं ते बोललो. तिनं पूर्ण ऐकलं.

"माह्याजवळ काय माफी मांगून राहिला गा? मार तर मी लई जणांचा खाल्ला," ती म्हणाली. "हात त्याचा गेला. अन् त्याले वाटते का वहिनी खोटं बोलली. जा, त्याले सांग. तो येत नाही माह्याकडे."

शेवटचं वाक्य ती हळू आवाजात बोलली. तिला हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग तिनं मला जेवायला वाढलं.

मी बेशाला गेलो नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, दुकान बंद ठेवावं लागतं, मधू भर गेटवर मारहाण करेल, अशी कारणं मी स्वतःला देत राहिलो. उन्हाळा गेला, पुढचा उन्हाळा आला, आणि लेकीचा फोन आला की आई गेली.

तेरवीला मधू आला होता. क्वार्टरासमोरच्या मांडवात अगदी कडेला बसला होता. पंगत बसली. त्याचा उजवा हात तोंडापर्यंत पोहोचत नव्हता, म्हणून तो डाव्या हातानं जेवत होता, आणि शेजारची पोरं त्याच्याकडे टकमक पाहत होती. लेक भात वाढत त्याच्यापाशी आली तेव्हा त्यानं मान वर न करता विचारलं, शेवटी काही बोलली का वहिनी? लेक म्हणाली, तुमचीच वाट पाहत होती काका. त्यावर तो म्हणाला, खोटं बोलली नसती तर आलो असतो.

मी पानावरून उठलो. वाढणारे थांबले. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"मधूभाऊ, त्या दिवशी ठाण्यात मी खोटं बोललो. वहिनीनं मले इचारलं होतं, का घरावर तुमचा हक्क नाही ना. मले ठाऊक होतं का अर्धा वाटा तुमचा हाय, तरी मी नाही म्हटलं. त्या खोटं नव्हत्या बोलल्या. तुमचा हात माह्यामुळं गेला, अन् वहिनीचं वाट पाहणंही माह्यामुळंच वाया गेलं. मले माफ करा."